महिन्याला फक्त नऊ हजार येन

"ताई, मी मूळचा सांगलीचा, वय 37, आयटीत. सात वर्षांपासून तोक्योत निशी-कासाईला आहे. बायको, दुसरीतली मुलगी, यूआरचं (सरकारी गृहसंस्थेचं) भाड्याचं घर, भाडं 1,52,000 येन. पगार वर्षाला 85 लाख येन, शिल्लक साधारण 90 लाख. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, अजून नाही. महिन्यापूर्वी ऑफिसच्या नंबरवर एका एजंटचा फोन आला. तो चांगला मुलगा वाटला, मराठी जेवणाचं कौतुक करत होता. त्याने 2 कोटी 80 लाख येनचं वन-रूम मॅन्शन दाखवलं. हातचा एक येनही नको, बँक पूर्ण कर्ज देते, महिन्याला फक्त नऊ हजार येन घालायचे आणि 35 वर्षांनी घर आपलं, शिवाय टॅक्स वाचतो. गेल्या शनिवारी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसून अर्जावर सही केली आणि एक लाख येन दिले. तेवढ्यात पुण्याहून दाजी म्हणाले, तिकडे एक टक्क्याने कर्ज मिळतं, इकडे साडेआठ, तिकडून उचल आणि पुनावळ्यात बुक कर. बायको म्हणते आधी इथे आपलं घर घेऊ, स्टेशनजवळचं 1987 च्या इमारतीतलं एक 4 कोटी 60 लाखांना आहे. वाकडला आमचा एक 2 बीएचके आहेच, 26 हजार भाडं येतं, त्यामुळे प्रॉपर्टीचा थोडा अनुभव आहे. तिन्हींपैकी काय करू?"
— निशी-कासाईचा सांगलीकर

सांगलीकर,

सही शनिवारी आणि पत्र मंगळवारी, म्हणून सदर छापून यायची वाट न बघता पहिला मुद्दा तुम्हाला त्याच रात्री कळवला होता. तो इथे पुन्हा लिहिते, कारण अशा सह्या करणारे तुम्ही एकटे नाही.

फॅमिली रेस्टॉरंटमध्ये, म्हणजे विकणाऱ्याच्या कार्यालयाबाहेर, सही घेतली असेल आणि विकणारी कंपनी स्वतः परवानाधारक असेल, तर जपानी कायद्याने तुम्हाला कूलिंग ऑफ मिळतं. या हक्काबद्दल त्यांनी लेखी कळवल्या दिवसापासून आठ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. फोनवर 'नको' म्हणून मात्र ती माघार होत नाही, ती कागदावर लागते. पोस्टात जाऊन 'नाइयो-शोमेई' करायचं. तुमच्या पत्रात काय लिहिलं होतं याची प्रत पोस्ट स्वतःकडे ठेवतं, मग 'आम्हाला असं पत्र आलंच नाही' म्हणायची सोय उरत नाही. शिवाय तुम्ही अजून करार केलेला नाही, फक्त खरेदीचा अर्ज केलाय. अर्ज मागे घेतल्यावर ते एक लाख परत द्यायला नकार देणं कंपनीला नियमानेच मना आहे. एजंटने आवाज चढवला किंवा 'साहेब ओरडतील' म्हणत रडकुंडीला आला, तर 188 फिरवा. जवळच्या ग्राहक केंद्राला फोन लागतो.

आता माघार का, ते.

इथे 'मॅन्शन' म्हणजे हवेली नव्हे, हे आपण सगळे पहिल्या महिन्यात शिकतो. 25 चौरस मीटरची एक खोली, ओट्यावर एक शेगडी आणि फ्रीजच्या वर मायक्रोवेव्ह. तुम्ही जोडलेला कागद मी समोर ठेवून कॅल्क्युलेटर काढला. 2 कोटी 80 लाख, 2 टक्के, 35 वर्षं म्हणजे हप्ता साधारण 92,750. भाडं 98,000. त्यातून सोसायटीचा खर्च आणि दुरुस्ती निधी 11,000, भाडं गोळा करणाऱ्या कंपनीचे 3,300. हातात 83,700. हप्त्याला कमी पडतात 9,050. हेच तुमचे 'फक्त नऊ हजार'. कागदावर मालमत्ता कराची ओळच नाही. वर्षाचे साठ हजार धरले तर महिन्याला आणखी पाच हजार. आणि 420 महिन्यांत ती खोली एकदाही रिकामी राहत नाही, एसी बंद पडत नाही, भाडेकरू गेल्यावर भिंतीचा कागद बदलावा लागत नाही, भाडंही कधी उतरत नाही. इमारत पस्तीस वर्षांची झाल्यावरही 98,000 च. व्याज एकच टक्क्याने वाढलं, तर हप्ता जातो 1,07,750 वर. बँक ऑफ जपानने मार्च 2024 मध्ये उणे व्याजदर संपवला, जुलैत 0.25 केला, जानेवारी 2025 मध्ये 0.5. वाऱ्याची दिशा कुठली, हे सांगायला माझी गरज नाही.

दहा वर्षांनी तुम्ही परतायचं ठरवलंत, तर कर्ज 2 कोटी 19 लाख उरलेलं असेल. विकून तेवढे आले नाहीत तर फरक खिशातून भरायचा, त्याशिवाय बँक तारण सोडत नाही आणि तारण सुटल्याशिवाय खोली विकली जात नाही. अशा घरात लोक अडकतात ते याच जागी.

आणि टॅक्स? वाचतो, पहिली काही वर्षं. इमारतीचा घसारा आणि व्याज दाखवून तोटा निघतो, तो पगारातून वजा होतो, थोडा परतावा मिळतो. जमिनीच्या वाट्याचं व्याज त्या तोट्यात धरता येत नाही, हे एजंट सांगत नाही. जेवढा घसारा आज घेतला तेवढी घराची खरेदी किंमत विकताना कमी धरली जाते, म्हणजे आजचा वाचलेला कर तेव्हा दारात उभा राहतो, हेही सांगत नाही. पाच वर्षांच्या आत विकलंत तर नफ्यावर 39.63 टक्के, नंतर 20.315. ही पाच वर्षं विकल्याच्या दिवशी मोजत नाहीत, त्या वर्षाच्या 1 जानेवारीला मोजतात. कित्येकजण यातच दोन-चार महिन्यांनी चुकतात. तोटा झाला म्हणून मिळणाऱ्या परताव्याला फायदा म्हणायचं, हा हिशेब माझ्या आजीला पटला नसता.

पुढच्या भेटीत तो 'सब-लीज' काढेल. भाडेकरू असो-नसो, भाडं आम्ही देऊ. 2018 मध्ये 'काबोचा नो बाशा' या शेअर हाऊसच्या योजनेत नेमकं हेच आश्वासन होतं. स्मार्ट डेज ही कंपनी बुडाली, भाडं थांबलं, आणि पगारदार मालकांच्या डोक्यावर कोटी-कोटी येनची कर्जं राहिली. कर्ज देणाऱ्या सुरुगा बँकेला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने गुंतवणुकीच्या घरांसाठी नवी कर्जं देणं सहा महिने बंद करायला लावलं. ते मालक अडाणी नव्हते. बऱ्याच जणांना तुमच्यासारखीच चांगली नोकरी होती, म्हणून तर कर्ज मिळालं. भाड्याची हमी लिहून दिलेली असली तरी भाडेकायद्याच्या आधाराने कंपनी पुढे भाडं कमी करून मागू शकते, हेही लक्षात ठेवा.

पण माझा खरा आक्षेप याहून साधा आहे. हे कर्ज तुमच्या नावावर चढलं की उद्या राहत्या घरासाठी बँकेत जाल, तेव्हा पगारातला किती हिस्सा हप्त्यात जातो ते बघताना बँक याचा हप्ताही धरणार. म्हणजे वहिनींचं घर त्या खोलीत अडकणार. एजंट तुम्हाला खोली विकत नाहीये, तुमची कर्ज घ्यायची पत विकत घेतोय. तीही फुकट.

आता दाजी. दाजींना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की जपानमधलं एक टक्क्याच्या आसपासचं कर्ज हे जपानमधल्या, स्वतः राहायच्या घरासाठी असतं. बँक त्याच घराचं तारण घेते. पुनावळ्यातल्या फ्लॅटचं तारण तोक्योतली बँक घेत नाही. घरकर्ज घेऊन घर भाड्याने देणंही चालत नाही. 'फ्लॅट 35' या सरकारी पाठबळाच्या कर्जात राहायला घेतो म्हणून घेऊन भाड्याने दिल्याची प्रकरणं 2019 मध्ये उघड झाली, तेव्हा लोकांकडे सगळं कर्ज एकरकमी परत मागितलं गेलं. मग उरतं विनातारण वैयक्तिक कर्ज. त्याचा दर बराच वर, मुदत कमी, आणि बऱ्याच बँकांच्या अर्जात 'गुंतवणुकीसाठी नाही' असं छापलेलं असतं. खोटं कारण लिहू नका.

समजा, येन स्वस्तात मिळालेच. तरी मी नको म्हणेन. 2008 च्या जानेवारीत एक येन साधारण 36 पैशांना होता, त्याच वर्षाच्या डिसेंबरात 53 पैशांच्या घरात. येनमध्ये कर्ज काढून रुपयातलं घर घेणाऱ्याचं कर्ज अकरा-बारा महिन्यांत, एक हप्ता न चुकवता, रुपयांच्या हिशेबात जवळजवळ दीडपट झालं असतं. जुनी गोष्ट वाटत असेल तर जुलै 2024 आठवा. महिन्याच्या सुरुवातीला डॉलरला 161 येन, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात 143. तुम्ही म्हणाल, पगार येनमध्येच आहे, मला काय फरक पडतो? पगार येनमध्ये असेपर्यंत नाही पडत. पण नोकरी गेली किंवा आई आजारी पडली म्हणून सांगलीला परतलात, की रुपयांतून येन फेडायचे. आणि असे दिवस सहसा एकटे येत नाहीत. 2008 मध्ये येन वधारला आणि नोकऱ्या गेल्या, दोन्ही एकाच हिवाळ्यात. आमच्या इमारतीतली दोन मराठी कुटुंबं तेव्हा महिन्याभरात सामान बांधून गेली. फ्रीज आणि तांदळाचा कुकर आम्हाला देऊन गेली. तो कुकर अजून चालतो.

पुण्यात घ्यायचंच असेल तर आई-वडिलांना राहायला, साठवलेल्या पैशातून किंवा रुपयातल्या कर्जातून, पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं घर घ्या. त्यावर जीएसटी लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर पाच टक्के लागतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान स्वतः उघडून बघा, दाजींनी बघितलं यावर थांबू नका. शेतजमीन अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. मुळशीला 'एनए होणार आहे' म्हणून कोणी गुंठे दाखवायला लागलं तर तिथेच थांबा.

आणि आता तुम्ही न विचारलेला मुद्दा. वाकडचं 26 हजार भाडं तुम्ही जपानमध्ये दाखवता का?

पत्रातल्या सुरावरून वाटतं, नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. परदेशी माणूस इथे आला की गेल्या दहा वर्षांत मिळून पाच वर्षं होईपर्यंत भारतातल्या भाड्यावर इथे कर लागतो तो फक्त जपानमध्ये आणलेल्या पैशापुरता. पाच वर्षं ओलांडली की जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं, पैसा वाकडच्या बँकेतून हलला नाही तरी. पीआरचा याच्याशी काही संबंध नाही, इथे मोजली जातात ती वर्षं. तुम्हाला सात झाली. वर्षाचे 3 लाख 12 हजार रुपये, आजच्या दराने साडेपाच लाख येनच्या आसपास. मेंटेनन्स, मालमत्ता कर, घसारा वजा करून दोन लाख येनच्या वर राहिलं, तर पगारदारालाही विवरणपत्र भरावंच लागतं. दोन लाखांच्या आत राहिलं तरी वॉर्डाच्या रहिवासी करासाठी कळवायचं असतं. भारतात भरलेला कर इथे वजा मिळतो, दोन्ही देशांचा तसा करार आहे. म्हणजे भुर्दंड बहुधा छोटा असेल. तुम्ही आपणहून, कर कार्यालयाने विचारायच्या आधी, मागची वर्षं भरलीत तर दंडही हलका लागतो. दोन्ही देश बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप देतात, तेव्हा 'कोणाला कळतंय' हा भरवसा नको. भारताच्या बाजूने भाडं एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात जमा होतं का, भाडेकरू अनिवासी मालकाच्या दराने टीडीएस कापतो का, हेही बघा. जुन्या साध्या सेव्हिंग खात्यात येत असेल तर ते खातं आधी बदला.

एवढा वेळ यात घालवण्याचं कारण पीआर. पीआरच्या अर्जात कर, पेन्शन, आरोग्य विमा सगळं वेळेवर भरलंय का हे बारकाईने बघतात. 2024 मध्ये कायदा बदलून मुद्दाम कर न भरणाऱ्याचं मिळालेलं पीआरही काढून घेण्याची तरतूद झाली. आणि पीआरवर तुमचं घर अवलंबून आहे. बहुतेक मोठ्या बँका परदेशी माणसाला घरकर्ज देताना पहिली तीच अट घालतात. 'फ्लॅट 35' तर पीआरशिवाय मिळतच नाही. पीआर नसताना कर्ज देणाऱ्या काही बँका आहेत, पण हातची रक्कम जास्त मागतात आणि दरही थोडा चढा. पीआरसाठी लागणारी दहा वर्षं पूर्ण व्हायला तुम्हाला तीन उरलीत. त्याआधी उच्च-कौशल्याच्या व्हिसाच्या गुणांचा रस्ता आहे. 70 गुण असतील तर तीन वर्षांनी, 80 असतील तर एका वर्षाने अर्ज करता येतो. मात्र ते गुण आज भरून उपयोग नाही, तीन वर्षांपूर्वी (80 वाल्याने एक वर्षापूर्वी) भरत होते हेही दाखवावं लागतं. जपानी भाषेच्या एन-2 परीक्षेला दहा गुण आहेत. तुम्ही एन-2 दिली आहे का ते लिहिलं नाहीत. जुनं प्रमाणपत्र कपाटात असेल तर आज रात्रीच गुण मोजा.

म्हणून माझा कौल वहिनींच्या बाजूने, पण आज नाही आणि ते घर तर नक्कीच डोळे मिटून नाही.

4 कोटी 60 लाखांचं पूर्ण कर्ज, 0.8 टक्क्याने, 35 वर्षं, म्हणजे हप्ता 1,25,600. यूआरच्या भाड्यापेक्षा कमी दिसतो आणि तिथेच माणूस हुरळतो. 1.8 टक्क्याला तोच हप्ता 1,47,700. 2.8 ला 1,71,900. त्यावर सोसायटी आणि दुरुस्ती निधीचे पंचवीस-तीस हजार. हा शेवटचा आकडा वहिनींसमोर ठेवा, आणि दोघांना झोप लागली तर पुढे जा. बऱ्याच बँकांत बदलत्या दराच्या कर्जाचा हप्ता पाच वर्षांतून एकदाच बदलतो आणि एका वेळी 1.25 पटीहून जास्त वाढत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण व्याज त्याहून वेगाने वाढलं तर न भरलेलं व्याज मागे साठत जातं, ते माफ होत नाही. चांगली बाजूही सांगते, 'दान्शिन'. कर्जदार गेला तर विम्यातून सगळं कर्ज फिटतं, बायको-मुलीला घर मोकळं मिळतं. त्या आरोग्याच्या फॉर्मवर मधुमेह वगैरे असेल तर लपवू नका, नेमका गरजेच्या वेळी विमा हात वर करतो.

1987 ची इमारत म्हणजे जून 1981 नंतरच्या भूकंप नियमांतली असणार, तरी बांधकाम परवान्याची तारीख विचारा. मग दुरुस्ती निधी. आम्ही 2009 मध्ये चिबाला जुनं घर घेतलं तेव्हा हा निधी महिना 7,800 होता आणि मी खुश होते. दीर्घ मुदतीच्या दुरुस्तीचा आराखडा एजंटने दिला होता, मी तो फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला आणि वाचला नाही. तिसऱ्या वर्षी पाइप बदलायचे निघाले, निधी एकदम 19,500. आराखड्याच्या चौथ्या पानावर ते सगळं छापलेलं होतं. तुम्ही तो आराखडा मागा, सोसायटीच्या खात्यात किती शिल्लक आहे आणि किती सभासदांनी थकवलंय हेही मागा. जपानी वाचणारा मित्र घेऊन बसा. करारापूर्वी 'जूयो जिको सेत्सुमेई' म्हणजे महत्त्वाच्या बाबींचं वाचन होतं. तिथे नुसती मान डोलवत बसलात तर सगळं समजलं असंच धरलं जातं.

आणि पाणी. तुमच्या निशी-कासाईच्या एदोगावा वॉर्डाचा साधारण सत्तर टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 मध्ये वॉर्डाने काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर 'इथे थांबू नका' असं छापलं, तेही स्वतःच्याच रहिवाशांसाठी. त्यावर बरीच चर्चा झाली. मला ते आवडलं, इतकं खरं बोलणारी नगरपालिका मी दुसरी पाहिली नाही. तुमच्याकडे सांगलीला 2019 मध्ये कृष्णेने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. पहिला-दुसरा मजला नको. विजेची खोली तळघरात आहे का ते विचारा. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात कावासाकीच्या मुसाशी-कोसुगीत एका उंच टॉवरच्या तळघरात पाणी शिरलं आणि वरच्या मजल्यांवरची माणसं वीज-लिफ्टविना बसली होती.

वडिलांच्या सांगलीच्या घराबद्दल एक ओळ, कारण पीआरनंतर हा प्रश्न येतोच. पीआर घेतलं, किंवा नोकरीच्या व्हिसावरच पण गेल्या पंधरा वर्षांत इथे दहाहून जास्त झाली, की भारतात मिळालेल्या वारशावरही जपानचा वारसा कर बघावा लागतो. 3 कोटी येन आणि दर वारसामागे 60 लाख एवढी सूट आहे, बहुतेक सांगलीकरांची घरं तिच्यात बसतात. फक्त घाबरून वडिलांकडून आत्ताच बक्षीसपत्र करून घेऊ नका, त्याचे करनियम वेगळे असतात, आधी करसल्लागाराला विचारा.

ते 'नाइयो-शोमेई' वेळेत गेलं असेल तर पोचपावती जपून ठेवा. वाकडचा भाडेकरार, बँकेचे उतारे, सोसायटीच्या पावत्या एका पाकिटात घाला आणि परदेशी उत्पन्नाची कामं करणारा करसल्लागार शोधा. चालू वर्षाचं विवरणपत्र 16 फेब्रुवारीपासून घेतात, तेव्हा कर कार्यालयात जिन्यापर्यंत रांग असते. मागच्या वर्षांचं कधीही देता येतं. ते त्याआधी, रांग नसताना जाऊन देऊन या.